जुन्या पिकअप गाडीसाठी चाके व टायर यांची निवड

बैलगाडीचे चाक करावयास बसलेला सुतार प्रथम तुंबा हाती घेतो, आसाची जाडी पाहतो, गाडीवर खताचे ओझे जावयाचे की नुसती माणसे बसावयाची हे विचारतो, आणि मगच आरे व पुठ्ठे यांचे लाकूड निवडतो. लोहारही लोखंडी धाव तापविण्यापूर्वी तिचा घेर चाकाच्या घेराशी ताडून पाहतो, कारण धाव बोटभर सैल राहिली तर पहिल्याच ओढ्यात निघून पडते. हा विवेक आपल्या खेड्यांत पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. परंतु बैलगाडीच्या जागी पिकअप दाराशी आली की तोच शेतकरी चाकाच्या व टायरच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो, असे बहुधा आढळून येते.

केज तालुक्यातील नांदूरघाट व भोवतालच्या गावांत शेतमाल, कडबा, खताच्या गोण्या, दुधाची कॅने आणि बाजारची जनावरे यांची ने-आण आता मोठ्या प्रमाणावर पिकअप गाड्यांवर चालते. यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. अशी गाडी दोन-तीन मालकांच्या हातून आलेली असल्यामुळे तिच्या चारही चाकांवर कारखान्यातून निघालेलेच माप असेल याची खात्री देता येत नाही. एखाद्याने रुंद टायर चढविलेले असतात, एखाद्याने शोभेखातर अ‍ॅलॉयची चाके बसविलेली असतात, तर एखाद्याने भंगारातील मिळेल ती डिस्क बोल्टांवर आवळून वेळ मारून नेलेली असते. नवा मालक पुढे टायर गोटा झाला की आहे तेच माप दुकानात सांगतो आणि पूर्वीची चूक पैसे मोजून पुन्हा विकत घेतो. यास्तव चाक व टायर यांची निवड कोणत्या क्रमाने करावी याचा विचार येथे केला आहे. तो क्रम असा की, प्रथम ओझे, नंतर गाडीचा हब, त्यानंतर टायरचा व्यास आणि सर्वांत शेवटी किंमत व रूप. दुकानात बहुधा हाच क्रम उलट्या बाजूने सुरू होतो.

मूळ माप कोठे सापडते

मालवाहू गाडीच्या जुन्या पद्धतीच्या नोंदणी पुस्तकात गाडीचे एकूण लादलेले वजन, प्रत्येक आसावरील नोंदलेले वजन आणि पुढील व मागील टायरचे माप यांचा तपशील असतो. पुस्तकाऐवजी कार्ड मिळाले असेल आणि त्यावर हा तपशील नसेल, तर कारखान्याची माहितीपुस्तिका अथवा दाराच्या चौकटीजवळ किंवा केबिनमध्ये लावलेली पट्टी पाहावी. हेही न मिळाल्यास हौद्याखाली टांगलेली स्टेपनी खाली उतरवावी. तिच्यावर वर्षानुवर्षे चिखल बसलेला असतो आणि तिच्याकडे कोणी फिरकलेले नसते. म्हणूनच पुष्कळ जुन्या गाड्यांत कारखान्याचे मूळ चाक तेवढे तेथेच शिल्लक राहिलेले दिसते. चिखल खरवडून डिस्कवरील ठोकलेले आकडे वाचून घ्यावेत. मात्र एकट्या स्टेपनीवर निर्णय करू नये, कागदाशी तिचा मेळ घालून पाहावा.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

टायरच्या बाजूवर उठविलेले आकडे दोन पद्धतींचे असतात. जुन्या पद्धतीत ‘७.००-१५’ असे लिहिलेले असते. त्यात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा इंचांतील नाममात्र आकडा असून दुसरा आकडा ज्या रिमवर टायर बसतो तिचा इंचांतील व्यास होय. मधे आडवी रेघ असल्यास टायरमधील दोऱ्यांचे थर तिरपे असतात. तिच्या जागी इंग्रजी ‘आर’ अक्षर असल्यास तो रेडियल टायर समजावा. नव्या पद्धतीत ‘२१५/७५ आर १५’ असे लिहितात. येथे २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत आहे.

एवढे वाचून बहुतेक जण थांबतात. वस्तुतः पिकअपच्या मालकास सर्वांत महत्त्वाचा आकडा याच्या पुढे असतो. मापानंतर ‘१००’, ‘१०५’ अथवा ‘१०८/१०६’ असा आकडा व त्यास चिकटून एक अक्षर छापलेले असते. हा भारांक होय. तो किलोग्रॅम दाखवीत नाही, ठरलेल्या कोष्टकातील ओळ दाखवितो. भारांक ९४ म्हणजे ६७० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०२ म्हणजे ८५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, १०७ म्हणजे ९७५ किलो, १०८ म्हणजे १,००० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. एका टायरने उचलावयाचे हे कमाल वजन आहे, आणि तेही टायरमध्ये पुरेशी हवा असतानाच. दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले असतील, तर पहिला आकडा आसाच्या प्रत्येक टोकास एकेरी टायर असताना व दुसरा जोडटायर असताना लागू होतो. भारांकापुढील अक्षर वेगाची मर्यादा सांगते: ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘एन’ म्हणजे १४०, ‘क्यू’ म्हणजे १६० आणि ‘एस’ म्हणजे १८०. जुन्या पिकअपला वेगाचे अक्षर क्वचितच आड येते. अडते ते भारांकापाशी.

एकाच मापाचे दोन टायर सारखे वजन उचलतात हा समज चुकीचा आहे. २१५/७५ आर १५ या मापाचा माणसे वाहणाऱ्या मोटारीचा टायर मिळतो आणि हलक्या मालवाहू गाडीचाही मिळतो. दोन्ही एकाच रिमवर बसतात आणि बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. अंगातील थर मात्र निराळे असतात. मालवाहू टायरवर ‘एल. टी.’ ही अक्षरे किंवा ‘८ पी. आर.’ यासारखी खूण असते. पूर्वी हा आकडा सुती दोऱ्यांच्या थरांची संख्या दाखवीत असे. आता तेवढे थर आत प्रत्यक्षात नसतात, आकडा केवळ ताकदीची श्रेणी सांगतो. भारतात टायरवर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असणे बंधनकारक करण्यात आले असून, मोटारींच्या टायरसाठी १५६३३ व व्यापारी वाहनांच्या टायरसाठी १५६३६ हे मानक क्रमांक आहेत. टायर उभा करून हा क्रमांक वाचावयास अर्धा मिनिटही लागत नाही.

ओझ्याचा हिशेब

आता हा हिशेब उदाहरणाने पाहू. नांदूरघाट परिसरातील एखाद्या शेतकऱ्याजवळ जुनी पिकअप आहे असे समजू. तिच्या मागील बाजूस प्रत्येकी एकच टायर आहे. शेतकऱ्याने तिचे वजन भुईकाट्यावर दोनदा करावे, एकदा रिकाम्या गाडीचे व एकदा नेहमीच्या मालासह. प्रत्येक वेळी प्रथम फक्त पुढील चाके काट्यावर घ्यावीत, नंतर पूर्ण गाडी, आणि शेवटी फक्त मागील चाके. काटेवाल्यास ही रीत नवी वाटेल, परंतु निवडीचा सारा आधार तीच आहे.

समजा, रिकाम्या गाडीचे पुढील आसावर ८०० किलो व मागील आसावर ७०० किलो, मिळून १,५०० किलो वजन भरले. तिच्यावर नोंदणीच्या मर्यादेत बसणारा १,२०० किलो कांदा चढविल्यानंतर पुढील आसावर ९५० व मागील आसावर १,७५० किलो, मिळून २,७०० किलो झाले. याचा अर्थ असा की १,२०० किलोंपैकी केवळ १५० किलो पुढे गेले आणि १,०५० किलो मागील दोन टायरांवर आले. वजन चारही टायरांवर सारखे वाटले जाते असे धरून २,७०० ला चाराने भागणारा मनुष्य प्रत्येक टायरवर ६७५ किलो मोजतो आणि भारांक ९५ च्या आसपासचा टायर घेऊन समाधानाने घरी जातो. खरे पाहता त्याच्या मागील प्रत्येक टायरवर ८७५ किलो बसलेले असतात.

हे ८७५ किलोदेखील सपाट जमिनीवरचे. रस्ता एका अंगाला कलता असतो, हौद्यातील गोण्या एका बाजूस सरकतात, वळणावर बाहेरच्या टायरवर अधिक भार येतो. म्हणून निदान एक दशांश शिल्लक धरावी. ८७५ मध्ये ८७.५ मिळविले असता ९६२.५ होतात. कोष्टकात भारांक १०६ चे ९५० किलो याला अपुरे पडतात, १०७ चे ९७५ किलो पुरतात. तेव्हा या गाडीच्या मागील टायरचा भारांक १०७ अथवा त्याहून मोठा असला पाहिजे.

दुकानदार अशा वेळी २३५/७५ आर १५ मापाचा, भारांक १०५ चा, मोटारीच्या जातीचा रुंद टायर दाखवितो. टायर दिसावयास दणकट असतो, आणि ९२५ किलो ८७५ पेक्षा अधिक आहेत हेही खरे. परंतु मोटारीचा टायर माल वाहणाऱ्या गाडीवर चढविल्यास त्याचा भार १.१० ने भागून धरावा असा अमेरिकेत नियम आहे, कारण मालाच्या गाडीत टायरला दिवसभर अधिक ताण सोसावा लागतो. ९२५ ला १.१० ने भागले असता ८४१ येतात, म्हणजे प्रत्यक्ष ओझ्यापेक्षाही ३४ किलो कमी. अंगाने भारी दिसणारा टायर अशा रीतीने कामात हलका ठरतो.

टायर फुटतो तो बहुधा उष्णतेने. ओझे अधिक किंवा हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक मुडपते. मुडपण्यातून उष्णता निर्माण होते. उष्णतेने रबर व दोरे यांचा बंध सुटतो. बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि डांबराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा दिवसांत दुपारी भरलेली गाडी धावत असताना मागील टायर फुटला, तर गाडी कोणत्या बाजूस ओढली जाईल हे चालकाच्या हाती राहत नाही. हौद्यात माणसे बसविण्यास कायद्याने मनाई आहे. तथापि बाजाराहून परतताना मालावर चार माणसे बसलेली दिसतात हे कोणास ठाऊक नाही? त्यांचे वजन भुईकाट्याच्या हिशेबात कधीच आलेले नसते, आणि टायर फुटल्यावर सर्वांआधी रस्त्यावर फेकली जातात ती तीच माणसे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. भारांक मोठा घेतला म्हणजे नोंदणीपेक्षा अधिक माल लादण्यास मोकळीक मिळाली असे नव्हे. आस, पाटे, बेअरिंग व ब्रेक हे कारखान्याने ठरविलेल्या वजनासाठीच घडविलेले असतात. टायर तेवढा बळकट केल्याने त्यांचे बळ वाढत नाही.

चाक हबवर बसणे

टायर ठरल्यावर डिस्कचा विचार करावा. नवी डिस्क घेताना बहुतेक लोक बोल्टांची भोके मोजतात आणि पाच भोके जुळली की चाक जुळले असे मानतात. परंतु पाच भोकांचे अनेक प्रकार आहेत. भोकांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास हे खरे माप होय. विलीज जीप, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जिची जुळणी सुरू केली ती तिचीच जीप, यांत हे वर्तुळ साडेपाच इंचांचे, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचे होते. अनेक मोटारींत ते ११४.३ मिलिमीटरचे असते. पिकअप गाड्यांत कारखाना, मॉडेल व वर्ष यांप्रमाणे फरक पडतो, म्हणून तोंडी माहितीवर न जाता स्वतः मोजावे.

पाच भोके असताना एका भोकाच्या अगदी समोर दुसरे भोक नसते, त्यामुळे व्यास सरळ मोजता येत नाही. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचे सरळ अंतर पोलादी पट्टीने मोजावे व त्यास १.७०१ ने गुणावे. हे अंतर ८२.१ मिलिमीटर भरले तर वर्तुळ १३९.७ चे, आणि ६७.२ भरले तर ११४.३ चे समजावे. सहा भोके असल्यास समोरासमोरच्या भोकांमधील अंतर हाच व्यास. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतानाही नट ओढून आवळल्यास डिस्क बसल्यासारखी दिसते. पण बोल्ट तिरपे ताणले जातात आणि कालांतराने एकामागून एक तुटतात.

वर्तुळ तंतोतंत जुळूनही काम पुरे होत नाही. मारुती जिप्सीच्या चाकाचे वर्तुळही १३९.७ मिलिमीटरचेच आहे, त्यामुळे तिचे चाक जीपच्या बोल्टांवर बसते. जिप्सी ही हलकी गाडी. तिची डिस्क तिच्या वजनासाठी घडविलेली असून ती टनभर माल वाहणाऱ्या मागील आसावर लावणे धोक्याचे आहे. डिस्कलाही भाराची मर्यादा असते. चांगल्या डिस्कवर ती ठोकलेली असते. नसल्यास विक्रेत्याकडून लेखी घ्यावी, आणि तो देत नसेल तर ती डिस्क तेथेच सोडावी.

त्यानंतर मधले भोक पाहावे. ते हबच्या उंचवट्यापेक्षा लहान असले तर चाक बसतच नाही. फार मोठे असले तर चाकाचा मध्य केवळ नटांच्या आधारावर राहतो आणि गाडी थरथरते. नटाची बैठकही तपासावी. काही चाकांत ती शंकूच्या आकाराची, काहींत गोलाकार, तर काहींत सपाट असते. शंकूचा नट गोलाकार बैठकीवर आवळला असता केवळ कडेवर टेकतो आणि थोड्याच दिवसांत सैल होतो. अ‍ॅलॉयची चाके जाड असल्यामुळे जुन्या बोल्टाची आटी नटात पुरेशी शिरत नाही असेही घडते. बोल्टाची जाडी जितकी, निदान तितकी लांबी आटीत गेली पाहिजे. चाक बाहेर काढण्यासाठी हब व डिस्क यांमध्ये घालावयाच्या चकत्या बाजारात मिळतात. मालवाहू गाडीत त्यांचा उपयोग करू नये.

राहता राहिला चाकाच्या बैठकीच्या खोलीचा प्रश्न. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जुनी डिस्क पालथी घालून रिमच्या आतील कडेवर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवावी आणि तेथून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतची खोली मोजावी. नव्या डिस्कची खोली तशीच मोजावी. नवी खोली कमी असेल तर चाक तेवढे बाहेर येते, अधिक असेल तर आत जाऊन पाट्यास अथवा ब्रेकच्या नळीस घासते. बाहेर आलेले चाक पुष्कळांना आवडते, गाडी रुंद व रुबाबदार दिसते. पण बैलगाडीच्या आसाच्या टोकापासून चाक चार बोटे दूर लावले तर आस वाकतो हे ज्यास कळते, त्यास पिकअपच्या बेअरिंगचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. पुढील चाक बाहेर आल्यास प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टिअरिंगद्वारे थेट हातात येतो आणि सांधे लवकर ढिले होतात.

रिमची रुंदीही टायरला साजेशी असावी. २१५/७५ आर १५ या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते, तर २३५/७५ आर १५ ला निदान सहा इंच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याचे पोट फुगते, मधली नक्षी आधी झिजते आणि वळणावर गाडी डुलते.

व्यास वाढला म्हणजे काय होते

मोठ्या टायरने गाडी उंच होते व काळ्या रानातल्या चाकोरीतून सहज निघते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु त्याची किंमत अन्यत्र द्यावी लागते. २१५/७५ आर १५ टायरच्या एका बाजूची उंची १६१.२५ मिलिमीटर, दोन बाजूंची ३२२.५ आणि रिमचे ३८१, मिळून व्यास ७०३.५ मिलिमीटर होतो. याच रीतीने २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे शेकडा सव्वाचारांहून किंचित अधिक आहे. काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असताना गाडी ६२.५ च्या वर धावते. प्रत्यक्षात १०० किलोमीटर गेल्यावर गाडी ९६ च नोंदविते, म्हणून डिझेल अधिक लागल्याचा भास होतो. चढावर ओढण्याची शक्ती त्याच प्रमाणात घटते. आणि उतारावर काय होते तेही ध्यानात घ्यावे: ब्रेक ड्रमला जेवढ्या जोराने धरतो, तेवढाच जोर आता अधिक लांब त्रिज्येवर काम करतो, म्हणून रस्त्यावर मिळणारा अटकाव शेकडा चारांनी कमी होतो. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. भरलेली गाडी धारूरच्या घाटातून अथवा मांजरसुंब्याच्या उतारावरून खाली येत असताना, ड्रम तापलेले असताना, तो जाणवतो.

यास्तव मूळ व्यासापेक्षा शेकडा तीनांहून अधिक फरक करू नये हा सर्वसाधारण दंडक उपयुक्त आहे. जुन्या पद्धतीच्या आकड्यांवरून व्यास गणिताने नीट काढता येत नाही. तेथे खडूची रीत वापरावी. सपाट फरशीवर गाडी उभी करून टायर जेथे जमिनीस टेकतो तेथे टायरवर व फरशीवर खडूची खूण करावी, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकलावी, टायरवरील खूण पुन्हा खाली येताच फरशीवर दुसरी खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. जुन्या व नव्या टायरची अशी मापे ताडून पाहिली असता शंकेस जागा राहत नाही. मागील आसावरील दोन टायरांची मापेही एकमेकांशी जुळली पाहिजेत. न जुळल्यास डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहते व तापते.

वाहनाच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. योग्यता तपासणीच्या वेळी अडचण येऊ नये म्हणून कारखान्याने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतूनच निवड करणे इष्ट होय.

लोखंडी डिस्क, अ‍ॅलॉय आणि ट्यूब

दगडगोट्यांच्या रस्त्यावर लोखंडी डिस्क वाकते, अ‍ॅलॉयचे चाक तडकते. वाकलेली कड मर्यादित प्रमाणात सरळ करता येते. तडकलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा मालाच्या गाडीस लावू नये. शेतमालाच्या गाडीस लोखंडी डिस्कच योग्य, आणि ती स्वस्तही पडते.

ट्यूबविरहित टायरमध्ये बाभळीचा काटा शिरला तरी हवा सावकाश जाते, हा त्याचा या भागात मोठा फायदा आहे. पण तो त्यासाठीच केलेल्या रिमवर बसवावा लागतो. जुन्या ट्यूबच्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो, गंजाने खड्डेही पडलेले असतात. अशा रिमवर ट्यूबच घालावी, आणि टायर रेडियल असल्यास ट्यूबही रेडियल टायरसाठीच केलेली घ्यावी. तिरप्या थरांचा एक व रेडियल एक अशी जोडी एका आसावर कदापि नसावी. काही मोठ्या जुन्या गाड्यांच्या चाकांस लोखंडी लॉकरिंग असते. ती नीट न बसता हवा भरली गेल्यास उडून प्राणघातक इजा करते. हवा भरताना अशा चाकासमोर कोणी उभे राहू नये, आणि हे काम लोखंडी पिंजरा असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

जुना अथवा रिमोल्ड टायर घेण्यापूर्वी

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत शेवटचे चार आकडे असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालाचा २३ वा आठवडा. नक्षी ताजी दिसत असली तरी आकड्यांवरून टायर आठ-दहा वर्षांचा निघाला, तर तो घेऊ नये. रबर उन्हात व साठवणीतही म्हातारे होते. बाजू वाकवून बारीक भेगा, आतून शिवलेले ठिगळ व उंचवटे पाहावेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकी गाडीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. नक्षीच्या खोबणीत आडवे बसविलेले रबराचे छोटे बांध पृष्ठाच्या पातळीस आले की ही मर्यादा गाठली असे समजावे. रिमोल्ड टायर पुढील चाकांस लावू नये. दोनच नवे टायर घेणे परवडत असेल तर ते मागे लावावेत, कारण ओझे तेथे आहे आणि मागचा टायर घसरला तर गाडी सावरत नाही.

बसविणे व पहिली फेरी

हब व डिस्क यांच्या भेटीची जागा तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा. नट एकाआड एक अशा क्रमाने थोडे थोडे आवळावेत, शेजारी-शेजारी नाही. आवळण्याचा जोर माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. समजा तो १२ किलोग्रॅम-मीटर असेल, तर अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास २४ किलो जोर पुरे होतो. पान्यात पाइप घालून त्यावर उभे राहण्याची जी रीत पडली आहे, तिने बोल्ट लांबतात. सुमारे ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासावेत.

रिकाम्या गाडीचे चाक मोकळे फिरले म्हणजे जागा पुरेशी आहे असे मानू नये. पूर्ण माल भरून, पाटे दबलेले असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांस वळवून टायर मडगार्डला वा पाट्यास घासतो का हे पाहावे. हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी आणि मागील टायरात भरलेल्या ओझ्यासाठी कारखान्याने सांगितलेले पौंड भरावेत. वाटेत तापलेल्या टायरची हवा अधिक दिसते म्हणून ती सोडण्याची सवय फार वाईट. थंड झाल्यावर तोच टायर अपुऱ्या हवेचा राहतो.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी थांबवून चारही हबांजवळ हाताची पाठ न्यावी, टेकवू नये. एकच हब इतरांपेक्षा अधिक तापलेला असेल तर दोष टायरमध्ये शोधत बसू नये, तेथे बेअरिंग किंवा ब्रेक तपासून घ्यावा. सर्वांत शेवटी स्टेपनी. ती नव्या टायरच्याच व्यासाची असावी, तिच्यात हवा असावी, आणि नव्या चाकाचे नट वेगळ्या मापाचे असतील तर त्या मापाचा पाना सीटखाली ठेवलेला असावा. जुना पाना नव्या नटाला बसत नाही हे रात्री रस्त्यात गाडी उभी राहिल्यावर कळून उपयोग नाही.